दोरावरचं उत्तर

दोर खाली ठेवा रे. पाणी ओसरायला अजून तासभर आहे, तोवर बसा. आणि दात काढू नका. आज दुपारी खाली पाणबुड्या असताना तुमच्यातला एक जण त्याचा दोर धरून फोन बघत होता, ते मी पाहिलंय. म्हणूनच सांगतोय. मी ज्याच्याबरोबर पंधरा वर्षं पाण्यात उतरलो, त्या रॉस टलकची ही गोष्ट. त्याने स्वतःच्या तोंडाने मला सांगितली, आणि तो थापा मारणारा माणूस नव्हे.

गेल्या जुलैची सोळा तारीख, बुधवार. ईडन बंदरात कडाक्याची थंडी, जुलै म्हणजे इथला ऐन हिवाळा. संध्याकाळी रॉस जेवणासाठी मासा कापत होता, तेवढ्यात नोलीनचा फोन आला. नोलीन म्हणजे कॅल डेनमची बायको. कॅल आणि रॉस नेव्हीत एकाच तुकडीतले पाणबुडे, जिवाला जीव देणारे. एकोणीस वर्षांपूर्वी कॅल एका जहाजाच्या तळाखाली उतरला, तो जिवंत वर आला नाही. त्याची मुलगी इमी तेव्हा चार वर्षांची होती.

"इमी जुन्या धक्क्यावर गेलीय," नोलीन म्हणाली. "तुला बोलावलंय म्हणे, दोर धरायला."

"हो. पुढच्या महिन्यात नेव्हीच्या पाणबुड्यांसाठी तिची निवड-चाचणी आहे ना, अंधारातला सराव करायचाय म्हणत होती."

"तिला नाही म्हण, रॉस. माझं बोलणं म्हणजे तिला रेडिओची खरखर. तुझं ऐकेल ती. एक माणूस गेलं माझं पाण्यात. दुसरं मी देणार नाही."

"बघतो."

"बघतो नको. म्हण."

रॉसने मासा फ्रिजमध्ये ठेवला, हात धुतले आणि गाडी काढली. नाही म्हणायचं, पोरीला गाडीत घालायचं, आईकडे सोडायचं. एवढंच काम होतं.

धक्क्यावर बघतो तर बया सूट चढवून तयार!

"किती उशीर, काका! म्हातारा झालास पार."

"तुझ्या आईने..."

"नाही म्हण म्हणून सांगितलं असेल. मग? म्हणतोयस?" रॉसने नजर पाण्याकडे वळवली. तशी ती जवळ आली. "मला बाबाचा आवाजसुद्धा आठवत नाही रे. चार फोटो आहेत, बस्स. तो जिथे जायचा तिथे गेले, तर तो कसा होता ते थोडं तरी कळेल मला."

यावर माणूस काय बोलणार? रॉसने दोर उचलला.

"एकच बुडी," तो म्हणाला. "वीस मिनिटं."

आता तुम्ही विचाराल, मदतीला तिसरा पाणबुड्या कुठे होता? नव्हता. गाढवपणाच तो, आणि मी रॉसला तसं तोंडावर सांगितलंय. बाकीचं तुम्हाला पाठ आहे, तरी पुन्हा ऐका. दोरवाल्याने एक हिसका दिला की 'ठीक आहेस का?' खालून एक हिसका आला की 'ठीक आहे.' खालून चार आले की 'वर घ्या.' बस्स. खाली अंधारात माणसाला तेवढीच भाषा असते.

आणि त्या भाषेतली एक गोष्ट रॉसने एकोणीस वर्षं पोटात ठेवली होती. कॅलचा दोर त्याच्याच हातात होता. समुद्र उसळत होता. रॉसने हिसका दिला, उत्तर आलं. 'पाणबुड्या ठीक!' असं तो ओरडला. असं तीनदा. पण ते उत्तर कॅलचं नव्हतंच. दोर तळाला अडकला होता; लाट जहाजाला हलवत होती आणि जहाज दोराला. दुसऱ्याच वेळी रॉसला शंका आली होती. पण आपला कॅल, त्याला काय धाड भरलीय, म्हणून तो उभाच राहिला. चौकशीत म्हणाला, उत्तरं स्पष्ट होती. नोलीनला म्हणाला, शेवटपर्यंत ठीक होता गं, क्षणात गेला, त्याला कळलंसुद्धा नसेल. त्या एका वाक्याच्या आधारावर त्या बाईने दिवस काढले.

नऊ वाजून दहा मिनिटांनी इमी पाण्यात उतरली. वारा नाही, लाट नाही. पाणी तेलासारखं सपाट.

पाच मिनिटांनी रॉसने एक हिसका दिला. एक आला.

दहा मिनिटांनी दिला. एक आला. सावकाश, भक्कम. पोरीचा हात चांगला वळलाय, असं त्याच्या मनात आलं.

पंधराव्या मिनिटाला दिला. पुन्हा एक.

"पाणबुड्या ठीक," तो सवयीने पुटपुटला.

"काका..."

आवाज मागून आला.

"काका, कुणाला विचारतोयस?"

रॉसने मान वळवली. इमी. अंगावर टॉवेल, केसांतून पाणी गळतंय.

"दोर खांबाला अडकला होता," ती म्हणाली. "कमरेची कडी सोडली आणि पलीकडच्या शिडीने वर आले. दहा मिनिटं झाली. दोन हाका मारल्या तुला."

रॉसने दोराकडे पाहिलं. दोर ताठ होता.

"अडकलाय म्हणून ताठ असेल," इमी म्हणाली. पण आवाज बारीक.

रॉसने एक हिसका दिला.

...

एक आला.

इमीने त्याचा दंड धरला. तिलाही दिसलं होतं. पाणी हललं नव्हतं. दोर हलला होता.

"काका... खाली कोण आहे?"

रॉस एकदम बोलू लागला. तिच्याकडे नाही, पाण्याकडे बघत.

"कॅल, ते उत्तर तुझं नव्हतं रे. मला कळलं होतं. दुसऱ्याच वेळी कळलं होतं. तेव्हाच ओढायला हवं होतं मी... नाही ओढलं. आणि सगळ्यांना खोटं सांगितलं. तुझ्या नोलीनला खोटं सांगितलं."

इमीचा हात त्याच्या दंडावरून गळून पडला.

मग दोर हलला. एक.

दोन.

तीन.

...

चार.

रॉस ओढू लागला. रडत ओढत होता. वजन होतं. माणसाचं असतं तेवढं वजन. हात सोलले. थांबला नाही. "आलो रे. घेतो. घेतो वर..."

टोक पाण्याबाहेर आलं, आणि दोर हलका झाला.

इमीची कडी टोकाला तशीच उघडी होती. कडीच्या हातभर वर, दोराला एक गाठ. अंगाभोवती दोर बांधताना मारतात ती, न घसरणारी. गाठीत मोठा गोल फेर. आत कुणी नाही.

"ही मी नाही मारली," इमी म्हणाली.

रात्री अकरा वाजता दोघं नोलीनच्या दारात उभी होती. रॉसने उंबऱ्याबाहेरूनच सगळं सांगितलं, अगदी पहिल्यापासून. नोलीन दाराची चौकट धरून ऐकत राहिली.

"शेवटपर्यंत ठीक होता म्हणालास," शेवटी ती म्हणाली.

"हो."

"तो खाली वाट बघत होता का रे तुझी?"

इमीने आत जाऊन दोर टेबलावर ठेवला. "मी निवडीला जाणार आहे, आई. तू रड, ओरड, मी जाणारच. पण माझा दोर याच्या हातात कधी द्यायचा नाही."

नोलीन ऐकतच नव्हती. तिने तो फेर उचलला. गाठ चाचपून पाहिली. मग कॅलच्या कमरेला मिठी मारायची तसे दोन्ही हात त्याच्याभोवती घातले आणि तो फेर छातीशी धरला. डोळे मिटले. हात कुठे सैल पडले नाहीत, कुठे अडले नाहीत.

"एवढाच होता," ती म्हणाली. "बरोब्बर एवढाच होता तो."