व्हरांड्यातला लख्ख पट्टा

ज्यांना पटणार नाही, त्यांनी इथेच सोडून द्या. मी वाद घालणार नाही. हे माझ्या सख्ख्या ताईसोबत घडलंय, आणि ते फोटो मी स्वतः मोठे करून पाहिलेत.

रात्र नव्हती. टळटळीत दुपार होती. जागा शाळेच्या वरच्या मजल्यावरचा लांब व्हरांडा. एका टोकाला जिना, दुसऱ्या टोकाला नुसती भिंत.

ताई फोटोग्राफर. आठवड्यातून एकदा सातवीच्या मुलांना फोटोग्राफी शिकवायला जायची. तिची मुलगीही त्याच वर्गात. घरी आम्ही तिला चिमणी म्हणतो. वर्गात आईला 'मॅडम' म्हणायचं असा नियम होता, आणि तो ती इतक्या नाटकीपणे पाळायची की सगळी पोरं खिदळायची.

त्या दिवशी धडा होता फोकसचा.

ताईने भिंतीजवळ स्टँडवर कॅमेरा लावला. चिमणीला व्हरांड्याच्या मध्यावर उभं केलं.

"बटण आधी अर्धंच दाबायचं. टिट वाजलं की समजायचं, कॅमेऱ्याने पकडलं. मग पूर्ण दाबायचं. तेवढ्या अंतरावरचं सगळं लख्ख येतं. त्याच्या पुढचं-मागचं धूसर."

पहिला मुलगा वाकला. लेन्स घर्र... घर्र करत राहिली.

मग टिट वाजलं.

फोटोत चिमणीचा चेहरा धूसर होता. तिच्या मागे, पार जिन्याजवळ, फरशीचा एक आडवा पट्टा मात्र लख्ख. तिथे पडलेला खडूचा तुकडासुद्धा दिसत होता.

"मॅडम, कॅमेऱ्याला चष्मा लागलाय!" सगळे ज्याला 'वकील' म्हणायचे तो पोरगा ओरडला.

"कॅमेऱ्याला नाही, याला," ताई फोटो काढणाऱ्याकडे बोट दाखवत म्हणाली. "चिमणीला सोडून जिना पकडलाय."

"शप्पथ मॅडम, तिच्या नाकावरच धरला होता!"

"मग बरोबर. नाक आहेच कुठे तिला?" वकील म्हणाला.

"मॅऽडम, बघा ना हा!" चिमणी लांबूनच किंचाळली.

हशा पिकला. ताईही हसली. एकामागून एक पोरं वाकत राहिली. चिमणी प्रत्येक फोटोत धूसर. नवशिकी पोरं, चुकणारच... ताईने तेव्हा मनावर घेतलं नाही.

संध्याकाळी तिने ते फोटो कॉम्प्युटरवर ओळीने लावले.

आणि तिचा हात माऊसवरच राहिला.

लख्ख पट्टा एका जागी नव्हता.

तो फरशी-फरशीने पुढे सरकत होता... चिमणीकडे.

पट्ट्यात कोणी नव्हतं. सावली नाही, काही नाही. पण कॅमेरा हवेवर फोकस धरत नाही. त्याला काहीतरी लागतं. एखादी कड, एखादी रेघ... एखादा चेहरा.

"लेन्स गेलीये. दुकानात दे," भावोजी म्हणाले.

"घरातले फोटो नीट येतायत."

"मग व्हरांडा दुरुस्तीला दे." ते हसत जेवायला बसले.

ताई पुन्हा फोटो चाळत बसली. एक, फक्त एक फोटो नीट आला असता, तरी तिचा जीव भांड्यात पडला असता.

दुसऱ्या दिवशी ती दुसरा कॅमेरा घेऊन गेली. शाळा नुकतीच सुटली होती. मैदानावर पोरांचा कल्ला होता. कोपऱ्यातला नळ टपटपत होता.

आधी तिने भिंतीजवळ स्टँड लावून रिकाम्या व्हरांड्याचा फोटो काढला. अगदी नीट आला. बरं वाटलं.

"चिमणे, जा, कालच्या जागी उभी राहा. एकच काढू आणि घरी जाऊ."

या वेळी ताईने कॅमेऱ्यावर भरवसा ठेवला नाही. लेन्सवरची फोकसची रिंग स्वतःच्या हाताने फिरवली. चिमणीच्या पापण्या मोजता येतील इतक्या स्पष्ट झाल्या.

तिने बटण दाबलं.

फोटोत चिमणी धूसर.

पट्टा तिच्या टाचांच्या अगदी मागे होता...

ताईला मग जाणवलं, मैदानावरचा कल्ला ऐकू येत नाहीये.

नळाची टपटपही नाही.

"इकडे ये! पळ!"

चिमणी धावत येऊन तिला बिलगली. दोघी भिंतीला पाठ लावून उभ्या. जिना समोरच्या टोकाला. जायचं तर व्हरांड्यातूनच जायचं... आणि जे काही होतं, ते मध्ये उभं होतं. कुठे, ते कॅमेऱ्याशिवाय कळणार नव्हतं.

"आई, घाबरतेस कशाला?" चिमणी म्हणाली. मॅडम म्हणायचं विसरलीच ती. "तू उभी राहा, मी काढते. बघ, काही नसतं."

ताईने विचार केला. जो कॅमेऱ्यासमोर उभा, त्याच्याकडे ते सरकतं. म्हणजे कॅमेऱ्यामागे धोका नाही. पोर तिथेच राहू दे.

तिने चिमणीला स्टँडमागे उभं केलं. फोकस पुन्हा कॅमेऱ्यावर सोपवला. स्वतः व्हरांड्याच्या मध्यावर गेली. समोर लेकीकडे तोंड, पाठीला सगळा रिकामा व्हरांडा.

"तिला सोड," ती पुटपुटली. "पाया पडते. मला घे, पण माझ्या लेकराला सोड."

लेन्स घरघरली.

घर्र... घर्र... घर्र...

टिट वाजलंच नाही.

"आई, काही पकडतच नाहीये हा."

"दाब तसंच! दाब!"

खटका वाजला. ताई धावत आली आणि तिने कॅमेऱ्याच्या पडद्याकडे पाहिलं.

सगळंच धूसर होतं. ती स्वतः, मागचा जिना, फरशा, अगदी फोटोच्या खालच्या कडेची फरशीसुद्धा. हात हलला असता तर रेघा ओढल्यासारख्या आल्या असत्या. हे तसं नव्हतं. समोरच्या कुठल्याच अंतरावर लख्ख असं काही नव्हतं.

लेन्स एका मर्यादेपर्यंतच जवळचं पकडते. वीतभर अंतराच्या आतलं तिला पकडताच येत नाही.

ताईला हे माहीत होतं. दोन क्षण उशिरा आठवलं, इतकंच.

तिने नजर वर केली.

चिमणी भिंतीला टेकून उभी होती. तिचे दोन्ही डोळे आत वळले होते... अगदी नाकासमोर धरलेलं काहीतरी बघावं तसे.

नळ पुन्हा टपटपायला लागला.

ताईने तिला उचललं आणि जिना गाठला. कॅमेरा तिथेच राहिला. दुसऱ्या दिवशी शिपायाने तो घरी आणून दिला. ताईने शाळा सोडली, कामही सोडलं. डोळ्यांचे डॉक्टर झाले, बाकीचेही झाले. सगळे म्हणतात, मुलगी ठणठणीत आहे. ती हसते, भांडते, जेवते.

माझं बाळ आठ महिन्यांचं आहे. त्याचा फोटो काढला की मी आधी त्याच्या मागची भिंत बघते.

काल ताईचा फोन आला. पलीकडे नुसतं रडणं. रडतच तिने सांगितलं.

रात्री झोपवताना तिने चिमणीचा पापा घ्यायला तोंड खाली नेलं होतं. चिमणीने हळूच तिच्या खांद्याला हात लावून तिला अडवलं.

"जवळ नको येऊस ना, आई," ती म्हणाली. "मध्ये जागा नाहीये."