पाहुण्यांची वही

"कुणाकडे आलात?"

तो माझ्याशी बोलला ते पहिलं वाक्य हे! माझ्या हातात नकाशांची गुंडाळी, डोक्यावर डोळ्यांपर्यंत घसरणारं हेल्मेट, पाय चिखलात... आणि हा साइट इंजिनीयर मला विचारतोय, कुणाकडे आलात.

"जिन्याकडे," मी म्हटलं. "तुमचा जिना चुकलाय."

त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा जिन्याकडे. मग टेप आणली, पायऱ्या मोजल्या — आणि हसला. हसताना त्याच्या गालावरच्या वाळलेल्या सिमेंटला भेग पडली. वरच्या स्लॅबवर पाणी मारत होते, ते टपटप आम्हा दोघांवर गळत होतं. बाजूला कुणीच सरकलं नाही.

"चुकलाय खरा," तो म्हणाला. "पण सही करा. इथे दोन वह्या आहेत. एक स्टाफची, एक पाहुण्यांची. तुम्ही पाहुण्यांच्या."

"मी आर्किटेक्टच्या ऑफिसातून आलेय."

"तुमच्या ऑफिसातले बाकीचे यादीत आहेत. सगळे पुरुष. यादी तुमच्या साहेबांचीच आहे, मी काय करणार?"

ती वही तेव्हाच त्याच्या डोक्यात घालायला हवी होती. पण त्याचे डोळे... जाऊ दे. मी सही केली.

दोन वर्षं मी त्या साइटवर जात होते.

"या पाहुणीबाई! आधी चहा, की आधी भिंत पाडायला लावणार?"

"आधी भिंत."

"मग चहा गार होईल."

"झाकून ठेवा. एवढी इमारत बांधता, एक कप झाकता येत नाही?"

दुसऱ्या दिवसापासून माझा चहा टाइलच्या तुकड्याने झाकलेला असायचा. एकदा खुंटीवर माझ्या मापाचं हेल्मेट दिसलं. कुणी आणलं, ते त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. खोटं कशाला बोलू, 'पाहुणीबाई' ऐकायला मला आवडायला लागलं होतं.

मग आर्किटेक्टच्या परवान्याची परीक्षा आली. तिला बसायचं तर साइटवरच्या कामाचे तास कुणीतरी लिहून द्यावे लागतात. आणि एक शिष्यवृत्ती होती — एका बाईंच्या स्मरणार्थ. त्यांनी आयुष्यभर इमारतींचे नकाशे काढले, पण एकावरही त्यांची सही नाही. परवाना मिळण्याआधीच त्या गेल्या. त्यांच्या थोरल्या बहिणीने ती सुरू केली होती, बायकांसाठी आणि ज्यांच्या समाजातलं या धंद्यात कुणी नाही अशांसाठी. परीक्षेची फी आणि अभ्यासाच्या रजेचा खर्च त्यातून मिळायचा. ती नाही मिळाली तर माझी परीक्षाही नाही. अर्ज शुक्रवारपर्यंत द्यायचा होता.

तास लिहून मागायला गेले, तर साहेबांनी मान वर केली नाही.

"साइटचे तास? तू तर पाहुण्यांच्या वहीत आहेस."

"यादी तुम्हीच दिली होती, सर."

"मुली साइटवर येतात-जातात. त्याला काम म्हणत नाहीत."

माझं डोकं सणकलं. तडक साइट गाठली.

"अरे, दोन वर्षं थट्टा केलीस ना? त्या थट्टेत माझे सगळे तास गेले, आणि शुक्रवारची शिष्यवृत्तीही!" त्याला अरे-तुरे मी पहिल्यांदाच करत होते, आणि तेही असं.

कप त्याच्या हातातच राहिला. "मला वाटलं... नुसती वही तर आहे."

"तुला वाटणारच. तुझं नाव बरोबर वहीत आहे!"

हेल्मेट खुंटीला अडकवलं आणि निघाले. मागे वळून पाहिलं नाही. पाहावंसं वाटत होतं, म्हणून तर जास्तच संताप येत होता.

"कुणाशी भांडलीस?" घरी आईने विचारलं.

"सगळ्यांशी."

"मग नीट जेव. उद्याही भांडायचं असेल."

शुक्रवारी अर्धाच भरलेला अर्ज घेऊन मी त्या थोरल्या बहिणीसमोर बसले. निदान तोंडाने तरी सांगू, म्हणून. त्यांनी टेबलाच्या खणातून एक वही काढली. पाहुण्यांची वही!

माझ्या प्रत्येक सहीपुढे ताज्या लाल शाईत त्याचं तिरकं अक्षर होतं. 'जिन्याची चूक दाखवली. पायऱ्या बदलल्या.' 'तुळईत सळ्या कमी होत्या. काम थांबवायला लावलं.' 'गच्चीचा उतार उलटा होता, हिने पकडला.' दोन वर्षांतला एकही दिवस सुटला नव्हता. प्रत्येक ओळीखाली त्याची सही.

"साइट इंजिनीयरची सही नियमात चालते," बाई म्हणाल्या. "काल सकाळी देऊन गेला. वही साइटबाहेर न्यायची म्हणून नोकरीचा राजीनामाही देऊन आलाय म्हणे." त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं. "हे काय?"

'काम नव्हतं. तरी आली. हा दिवस धरू नये.'

"त्या दिवशी काय केलंस?"

माझे कान तापले. "चहा प्यायले."

बाई हसल्या, मग त्यांनी वही हळूच मिटली. "माझ्या बहिणीसाठी कुणी असं लिहायला बसलं नाही."

"पण माझ्या कामाला माझी सही का पुरत नाही?" मला रडू येत होतं आणि रागही. "त्याची का लागते?"

"हा राग जपून ठेव," त्या म्हणाल्या. "परवाना मिळाल्यावर लागेल."

शिष्यवृत्ती मिळाली. परीक्षा होईपर्यंत मी त्याचा फोन उचलला नाही. त्यानेही दोनदाच केला. पास झाले, परवाना आला, पहिली इमारत मिळाली. तेव्हा मीच त्याला निरोप धाडला — साइट इंजिनीयर हवाय.

सोमवारी तो फाटकात उभा होता. गालावर सिमेंट नव्हतं, त्यामुळे जरा अनोळखी दिसत होता.

"कुणाकडे आलात?" मी विचारलं.

"जिन्याकडे. चुकलाय का बघायला."

"माझा जिना चुकत नाही."

"मग... तुझ्याकडे."

मी वही पुढे सरकवली. "इथे एकच वही आहे. सगळ्यांची. नाव, सही, आणि काय काम केलं ते."

तो बराच वेळ वहीवर वाकून राहिला. मग वही त्याने माझ्याकडे फिरवली.

'काम अजून काही नाही. तरी आलो. हा दिवस धरावा.'

मी लाल पेन शोधलं आणि त्या ओळीखाली माझी सही केली.