हिरव्या मांडवातला फोटो

खांदा कॉलनीतल्या कृष्णकांतच्या स्टुडिओत दुपारी सहसा कुणी फिरकत नसे. बायको गेल्यापासून तो जेवणाचा डबाही संगणकापुढेच उघडायचा. २००९च्या मे महिन्यात अशाच एका दुपारी बेलपाड्याची भामाबाई मेमरी कार्ड घेऊन आली.

पुतणीच्या साखरपुड्यातला फोटो होता. भामाबाई आणि तिचा नवरा विठू शेजारी शेजारी बसलेले. त्यानंतर आठवड्याभरातच विठू वारला. त्याचा दुसरा फोटो घरात नव्हता. वर्षश्राद्धाला हाच लावायचा होता.

"मांडवाचं कापड हिरवं होतं. आमी दोघं शेवाळल्यागत दिसतो," ती म्हणाली. "यांचा खरा रंग आन. पन गोरं नको करू हां, दादा. मिठागरात भाजलेलं अंग हाय."

"नवरदेव नाही करत त्यांना, मावशी."

रंग आपोआप सुधारायच्या तीन पद्धती त्याच्याकडे होत्या. पहिली सगळ्या रंगांची सरासरी राखाडी धरायची. तिने मांडव जांभळट केला. दुसरी सर्वांत उजळ ठिपका पांढरा मानायची. तिने फोटोतल्या स्टीलच्या पेल्याची चमक धरली आणि भामाबाईचा चेहरा छान सावळा आला. विठू मात्र हिरवाच.

तिसरी पद्धत माणसाच्या कातडीवरूनच रंग ठरवायची. तीही चालवली. मांडव बदलला, साडी बदलली, भामाबाई बदलली.

विठूचा एक ठिपकाही हलला नाही.

कृष्णकांतने हाताने रंग भरून पाहिले. माउसवरून बोट उचललं की विठूचा चेहरा पुन्हा हिरवा.

"फाइल खराब असेल," तो म्हणाला.

"मी सुधारले ना त्यात?"

"हो."

"एकटीच," ती म्हणाली. "वरीस झालं, दादा. घरात भांडं पडलं तरी विचारायला कोन नाय. माझा आताचा एक काढ बघू."

त्याने तिला पांढऱ्या पडद्यापुढे बसवलं. दोन्ही दिवे लावले, फोटो काढला, संगणकावर उघडला.

मागचा पडदा स्वच्छ पांढरा आला होता.

चेहरा शेवाळी.

त्याने पहिली पद्धत चालवली. दुसरी. तिसरी. चेहरा तसाच.

मग मान वळवून स्टुलाकडे पाहिलं. भामाबाई नेहमीसारखीच सावळी, पदर सारखा करत बसली होती. तिची नजर संगणकाच्या पडद्यावर होती.

"राहू दे आता," ती हळूच म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच मोकळा लागला. "दोनी फोटो एकाच मापाचे काढ. शेजारी शेजारी लावतील."