हेमलताबाईंची संयमसीमा

मनोयंत्र प्रयोगशाळेच्या पडद्यावर दोन रेषा धावत होत्या. तांबडी रेषा हेमलता बिडवे यांच्या मनातल्या चिडीची, निळी त्यांच्या वागण्याची. तांबडी जागोजागी उसळ्या मारत होती. निळी मात्र सरळ. नगर ग्रंथालयाच्या देवघेव खिडकीवर बसताना बाईंनी दोन वर्षं मनगटावर चीडमापक बांधला होता, त्याची ही कमाई.

"ही उसळी कसली?" प्रयोगशाळेचे प्रमुख डॉ. टेंभे यांनी विचारलं.

"एका काकूंनी मासिकातलं पाककृतीचं पान फाडून नेलं. वर मलाच म्हणाल्या, आतलं पान गेलंय बघा, जरा लक्ष ठेवत जा."

टेंभे हसले. त्यांना हसायला काय जातंय! वाचक नावाचा प्राणी त्यांनी फक्त पडद्यावर पाहिलेला. तो थुंकी लावून पानं उलटतो, सगळ्यांच्या वर्तमानपत्रातलं शब्दकोडं पेनाने सोडवतो, तेही चुकीचं, आणि ऐन दिवाळी अंकांच्या गर्दीत "मागे ते निळं पुस्तक दिलं होतंत, तसलंच द्या" म्हणून रांग अडवून धरतो. बाई हे सगळं गिळत.

सगळ्यांवर कडी दोन वर्षांपूर्वी सभासद झालेल्या उखळकर आजोबांची. वाचलेलं पुस्तक ओळखता यावं म्हणून ते ठरावीक पानावर बारीक फुली मारत. आता ही अक्कल गावातल्या साऱ्याच म्हाताऱ्यांना सुचलेली. त्यामुळे फुली कुणाचीही असो, "वाचलेलं पुस्तक का माथी मारता?" म्हणून आजोबा बाईंवर डाफरत. पण दुपारच्या सामसुमीत तेच आजोबा टेबलापाशी बसून बाईंच्या थर्मासमधला चहा पीत. गेल्या वर्षी बाईंचे यजमान गेले तेव्हा घरी न आलेलं रडू त्यांना आजोबांसमोर आलं होतं. "रड, पोरी," एवढंच ते म्हणाले होते. वडिलांच्या माघारी बाईंना पोरी म्हणणारं दुसरं कोणी उरलं नव्हतं.

"पण यंत्राला माझ्या रेषा कशाला हव्यात?" बाईंनी विचारलं. "यंत्र मुळी चिडतच नाही."

"दगडही चिडत नाही, त्याला आपण सोशिक म्हणतो का?" टेंभे म्हणाले. "समोरच्याला आपलं काही पडलेलं नाही, हे वाचकाला लगेच कळतं. म्हणून आमच्या धीरयंत्राला आधी चीड द्यायची आणि मग ती गिळायला शिकवायची. तुम्ही गिळता तशी."

"अडचण एकच आहे," चीडमापक बांधणाऱ्या डॉ. इरावती मोघे हळूच म्हणाल्या. "दूध कशाने उतू जातं ते कळल्याशिवाय आच किती ठेवायची ते कळत नाही. ही संयमसीमा यंत्राला एकदा दिसली तरी पुरते. पण तुमचं दूध दोन वर्षांत उतू गेलंच नाही."

बाईंना बरं वाटलं. इतक्या वर्षांत त्यांच्या सोशिकपणाचं कौतुक कोणी केलं नव्हतं.

"सर, करायलाच हवं का?" मोघे पुटपुटल्या. टेंभ्यांनी घंटी दाबली.

दार उघडून उखळकर आजोबा आत आले. ताठ चालत. काठी नाही, खोकला नाही, जाड भिंगांचा चष्माही नाही.

"हे आमचे कलावंत," टेंभे म्हणाले. "तुम्हाला रोज थोडं छळायचं आणि थोडी माया लावायची, असं काम होतं त्यांचं. माया असली की चीड गिळायला जड जाते, हे तपासायचं होतं."

"म्हणजे त्या दिवशी..." बाई आजोबांकडे वळल्या.

"तेव्हाच्या नोंदी फार मोलाच्या ठरल्या," टेंभे म्हणाले.

आजोबांनी मान खाली घातली.

बाई उठल्या. ओरडल्या. तोंडाला येईल ते बोलल्या. माझं माणूस गेलं होतं आणि तुम्ही आकडे गोळा करत होतात? चीडमापक ओरबाडून काढायला हात नेला, तोच पडद्यावरची निळी रेषा तांबडीला जाऊन भिडली.

"मिळाली सीमा!" टेंभे आनंदाने म्हणाले. "माफ करा बाई. दुसऱ्या कशानेच ती सापडत नव्हती."

बाईंनी नोकरी सोडली. खिडकीवर धीरयंत्र आलं. लोक त्याला यंत्रताई म्हणू लागले.

काही महिन्यांनी घरात राहिलेलं एक पुस्तक परत करायला बाई ग्रंथालयात गेल्या. यंत्रताई एका गृहस्थांना निळ्या पुस्तकांचा तिसरा ढीग दाखवत होती. गृहस्थ खेकसत होते. तिच्या बोटांची किंचित थरथर बाईंना ओळखीची वाटली. आपल्यासारखीच गिळतेय बिचारी, असं वाटून त्यांचा राग विरघळला. पाळी आल्यावर त्या खिडकीत वाकल्या.

"दमलीस का गं? जरा टेक हो."

यंत्रताईची बोटं थांबली.

"कोणी पाठवलंय तुम्हाला?" ती किंचाळली. "मला माया लावायला कोणी सांगितलं? चालत्या व्हा इथून!"

रांगेतल्या एका अनोळखी काकूंनी बाईंना बाजूला ओढलं. "नव्या दिसता. तिला शिव्या घाला, पानं फाडा, हूं की चूं करायची नाही. पण मायेनं बोलायचं नाही हो तिच्याशी."

मला कोणी पाठवलेलं नाही, असं बाईंना सांगायचं होतं. पण तिच्या जागी आपणही विश्वास ठेवला नसता, हे त्यांना ठाऊक होतं. पुस्तक खिडकीत ठेवून त्या निघाल्या.