मचव्याच्या फळ्यांची भिंत

पेणपासून रोह्यापर्यंत माझ्याइतकं सरळ सेंट्रिंग ठोकणारा मिस्त्री झाला नाही. म्हणजे झाले दोनचार, पण ते सगळे मेले, आणि मेलेला माणूस ओळंबा घेऊन भांडायला येत नाही. दिवा जरा इकडे सरकवा. घाबरलेली तोंडं बघायला मला फार आवडतात, आणि तुमचं तोंड तसंही आधीपासून निम्मं घाबरलेलं दिसतंय.

त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तरची गोष्ट. रोह्याला तेव्हा कारखाने यायला लागले होते. एका कंपनीनं कुंडलिका नदीच्या अंगाला आपल्या साहेबलोकांसाठी पाहुणेघर बांधायला घेतलं. त्यासाठी मुंबईहून आर्किटेक्ट आला. गोरागोमटा, बुटाला चिखल लागला की त्याचा जीव कासावीस व्हायचा. तो म्हणाला, या इमारतीला पलस्तर नाही, चुना नाही, रंग नाही. फळ्यांच्या साच्यात काँक्रीट ओतायचं, सुकलं की फळ्या काढायच्या, आणि आत जे निघेल तीच भिंत. फळीची नस, गाठ, खिळ्याचं डोकं, सगळं उमटलं पाहिजे. एकदा उमटलं की कोणी हात लावायचा नाही.

आम्ही त्या इमारतीला नागडी म्हणायचो. बाजाराला येणारी माणसं विचारायची, पलस्तर कधी? मी सांगायचो, शिंपी कापड घेऊन पळालाय, सापडला की घालू.

आमच्यावर मुकादम होता हिरामण. हातात कायम सळईचा तुकडा. आधी मारायचा आणि मग कशासाठी मारलं ते आठवत बसायचा. त्याला एके दिवशी आर्किटेक्टनं सांगितलं की दर्शनी भिंतीला खाऱ्या पाण्यात राहिलेलं जुनं लाकूड हवं. अशा लाकडाची मऊ नस समुद्र खातो, कडक नस वर राहते, मग काँक्रीटवर छाप खोल पडतो. हिरामण मला म्हणाला, "धरमतर बंदरात रेतीचा मचवा तोडायला काढलाय. चल, फळ्या आणू."

मचवा शरीफ तांडेलचा. आमच्या कामाची रेती त्याच मचव्यातून धरमतरला उतरायची. हिरामण त्याच्या मागे लागला होता की त्यात खाडीची फुकटची खारी रेती मिसळ. खाऱ्या रेतीनं आतली सळई गंजते, आणि पलस्तर नसलेल्या भिंतीवर तो गंज तांबड्या ओघळांनी बाहेर येतो. शरीफ म्हणाला होता, मी साहेबाला सांगेन. त्यानंतर दोघे मचव्यातून खाडीत गेले आणि हिरामण एकटा परत आला. पाय घसरून पडला म्हणाला, भरतीनं नेला. मयत काही सापडली नाही.

आम्ही बंदरावर पोचलो तेव्हा शरीफची बायको जमिला तिथंच बसली होती. मचव्याची एकेक फळी निघताना बघत. मला बघून उठली.

"मिस्त्री, तू लोकांना लय शाणपण शिकवतोस. मग मला सांग, धरमतरचा तांडेल पाण्यात पडून कसा मरतो?"

"भाभी, मी चौथी नापास हाय," मी म्हटलं. "मला सोपं काय ते इचारा."

ती हसली नाही. म्हणाली, "मयत मिळाली असती तर आंघोळ घातली असती, माती दिली असती. आता अर्धी वाडी म्हणते विधवेची इद्दत पाळ, अर्धी म्हणते थांब, येईल. मला बाकी काय नको. तो कसा गेला तेवढं कळाया पायजे."

"फळ्या उचल," हिरामण मला म्हणाला. तिच्याकडे त्यानं बघितलंसुद्धा नाही.

मचव्याच्या तळाच्या फळ्या सगळ्यांत देखण्या होत्या. त्या मी दर्शनी बाजूला ठोकल्या. साच्यात स्वतः उतरून झाडू मारला, आत सळयांशिवाय काही नव्हतं. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढं पुष्कळ शहाण्यांनी मला विचारलं. भर दिवसा, वीस माणसांच्या डोळ्यांदेखत काँक्रीटचा माल ओतला. व्हायब्रेटर फिरवला. साचा भरला, वरून गुळगुळीत केला, गोणपाट टाकून पाणी मारत राहिलो.

फळ्या सोडवायचा दिवस आला. सकाळची वेळ, कावळे ओरडत होते, कोणीतरी चहाला हाक मारत होतं. फळी काँक्रीटला धरून बसते, पहारीनं उचकटावी लागते आणि निघताना कापड फाटल्यासारखा आवाज करते. या फळ्यांना मी नुसती पहार लावली आणि त्या आपोआप माझ्या अंगावर आल्या. आतून कोणीतरी ढकलाव्यात तशा. पाठोपाठ वास आला. ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलाचा, कुजक्या कालवांचा. रोह्यात, खाडीपासून इतक्या लांब.

भिंतीत माणूस होता.

फळ्यांना तोंड लावून उभा असावा तसा, उंचवट्यानं उमटलेला. गुडघे, छाती, दोन्ही पंजे. डाव्या पंजाची बोटं उलटी मोडून मागे वळलेली. जबडा एका बाजूला सरकलेला, नाकाच्या जागी चेंदामेंदा, एका डोळ्याची खोबण पार आत बसलेली. आणि त्या सगळ्यावरून फळीची नस सरळ गेली होती, कपाळावरून गालावर, गालावरून छातीवर, जराही न तुटता. इतकं स्वच्छ काम माझ्या हातून कधी झालं नव्हतं.

हिरामण आला, त्यानं बघितलं, आणि सळई माझ्या पाठीत घातली. मी पडलो. त्यानं तोंडावर मारली. हा पुढचा दात तेव्हाचा गेलेला आहे, सुपारीनं नाही गेला.

"तू कोरलंस," तो म्हणाला. "तुझी मस्करी. फळीवर कोरलंस तू."

मला अशा वेळीही हसू येतं, हा माझ्यातला दोष आहे. तोंडातलं रक्त थुंकत मी म्हटलं, "मुकादम, भिंतीला उंचवटा यायचा तर फळीला खळगा पायजे. फळ्या त्या पडल्यात. खळगा दाखव, दुसरा दात मीच काढून देतो."

त्यानं एकेक फळी उलटीपालटी केली. हात फिरवला. सगळ्या सपाट. मग तो उकिडवा बसला.

दुसऱ्या दिवशी आर्किटेक्ट यायचा होता. हिरामणनं ठरवलं की साहेब काहीही म्हणो, भिंतीला पलस्तर करायचं. पण काँक्रीटवर पलस्तर नुसतं बसत नाही. आधी छिन्नीनं टाचे मारावे लागतात, भिंत खरबरीत करावी लागते. माणसांना त्यानं हाकलून दिलं. मी गेलो नाही, रेतीच्या ढिगामागे बसलो. रेतीच्या ट्रकवाल्याकडून सकाळीच मी जमिलाला निरोप धाडला होता. दुपार कलताना ती आली आणि भिंतीसमोर उभी राहिली. रडली नाही. नवऱ्याच्या मोडक्या बोटांकडे बघत राहिली.

"सरक," हिरामण तिला म्हणाला.

ती सरकली नाही. त्यानं छिन्नी त्या उलट्या वळलेल्या बोटांवर ठेवली आणि हातोडा मारला.

भिंतीचा कण उडाला नाही. हिरामणचं बोट उडालं. छिन्नी धरलेल्या हाताचं, करंगळीचं, पार मुळापासून, आणि ते जमिलाच्या पायाशी येऊन पडलं. त्यानं हाताकडे बघितलं. मला वाटलं, आता टाकेल हातोडा. पण तो हात पुन्हा वर गेला. त्याचा खांदा मागे ओढत होता आणि हात पुढे जात होता, दोन माणसं एकाच अंगात झटत असावीत तसं. दुसरा घाव. बाकीची बोटं मागे वळली, सुक्या काटक्यांसारखी वाजली.

"कशानं मारलास?" जमिलानं विचारलं. हळू आवाजात, जेवायला काय करू विचारावं तशी.

"वल्ह्यानं..." हिरामण म्हणाला. "नाय, आधी सळईनं. मग वल्ह्यानं..."

मोडक्या पंजाला चिकटल्यासारखी छिन्नी भिंतीच्या जबड्यावर आली. घाव पडला आणि हिरामणचा जबडा एका बाजूला निघाला. पुढं तो बोलत होता ते शब्द नव्हते, नुसतं रक्त आणि हवा.

"जिता होता का, पाण्यात टाकलास तवा?"

त्यानं मान हलवली. होय.

"तुला हाक मारली का त्यानं?"

होय.

नाकावर घाव. डोळ्यावर घाव. मी दोन्ही हात कानांवर दाबले होते, तरी हातोड्याचा आवाज दातांतून येत होता. शेवटी छिन्नी गळून पडली, तरी तो थांबेना. नुसत्या हातोड्यानं भिंतीतल्या कपाळावर मारत राहिला, आणि त्याचंच कपाळ फुटलेल्या नारळासारखं आत आत जात राहिलं. गुडघ्यांवर आल्यावरसुद्धा हात तीनदा वर गेला. जमिलाच्या साडीवर मेंदू उडाला होता. तिनं पदर झटकला आणि ती घरी निघून गेली.

पोलिसांनी लिहिलं, परांचीवरून पडला. परांची तिथं नव्हतीच, पण मला कोणी विचारलं नाही, आणि मी शहाण्यांना उगाच शिकवत नाही. भिंतीवर एक ओरखडा नव्हता. रक्तसुद्धा नव्हतं, खालची जमीन मात्र चिखल झाली होती. आर्किटेक्ट आला, भिंतीतल्या माणसाकडे बघून उभाच राहिला. मग त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली, नेमकी सळईच्या वळावर, आणि म्हणाला, मिस्त्री, ही तर शिल्पकला आहे, हिला कोणी हात लावायचा नाही. मी म्हटलं, साहेब, कोण लावतोय.

भिंत तशीच राहिली. जमिला अधूनमधून धरमतरहून यायची. चौकीदार तिला अडवायचा नाही. भिंतीच्या छातीवर कान ठेवून उभी राहायची, चिखलाचा वास आला तरी पदर नाकाला न लावता. नवऱ्याला माती मिळाली नाही, पण निदान जागा मिळाली, असं मला वाटायचं. आणि वास मात्र दर खेपेला जरा जास्तच यायचा.

एकदा मी तिथंच बिडी ओढत बसलो होतो. मला गप्प राहवत नाही. मी म्हटलं, "काय गो भाभी, काय म्हणतोय तांडेल? हिरामणचा हिशोब तर झाला. आता तरी निजला का?"

तिनं कान काढला नाही. डोळे मिटलेलेच होते.

"हिरामणचं तो नावसुदीक काढत नाय, मिस्त्री," ती म्हणाली. "तो रोज एवढंच इचारतो. माझ्यावर फळ्या कोणी ठोकल्या?"