दोन खटक्यांच्या मधे

मोबाईल आधी खिशात घाला. आणि मधेच ‘कशावरून’ म्हणून विचारायचं नाही, विचारायचं असेल तर आत्ताच उठून घरी जा. ही कुणाच्या पणजोबाच्या काळातली गोष्ट नाही. गेल्या जानेवारीतली आहे, शेवटच्या मंगळवारच्या रात्रीची. जिच्यावर ती गुदरली ती माझ्या चांगल्या ओळखीची आहे. घरातली थोरली, म्हणून सगळे तिला थोरलीच म्हणतात. त्यांच्या गॅरेजचे वायरलेस सेट आणि बॅटऱ्या मीच दुरुस्त करतो.

तर त्या रात्री थोरली निघाली होती ती फक्त डबा पोचवायला.

घाटाच्या पायथ्याशी तिच्या काकांचं गॅरेज आहे. वर बंद पडलेल्या गाड्या क्रेनने ओढून आणायच्या, हा धंदा. एक ऑफिसची खोली, कोपऱ्यात बेसिन, त्याखाली पत्र्याची बादली, कारण नळ ठिबकतो आणि काका त्याचा वायसर बदलायला तयार नाहीत. टेबलावर वायरलेस सेट, वरचे ड्रायव्हर त्याला ‘बेस’ म्हणून हाक मारतात. घाटात मोबाईलला रेंज नाही, त्यामुळे क्रेनवाल्यांचा सगळा जीव त्या सेटवर. रात्री काकाच सेटपाशी बसत. त्या दिवशी त्यांची कंबर धरली होती. डबा घेऊन आलेल्या थोरलीला ते म्हणाले, “तूच बस गं तासभर. धाकट्याला वर पाठवलंय, ट्रक अडकलाय. मी आत जरा पाठ टेकतो.”

धाकटा म्हणजे तिचा सख्खा भाऊ. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवला, शिव्या देत आणि स्वतःच्या पोटाला चिमटा काढत. त्याला क्रेनवर चढू द्यायचं नाही, यावरून तिचं आणि काकांचं वर्षभर वाजत होतं. कारण या दोघांचे बाबा त्याच घाटात क्रेनसकट दरीत गेले होते.

बाबा आणि काका पाठचे भाऊ, पण सेटवरून त्यांचं कधी पटलं नाही. काकांनी नवे सेट आणले, खटक्याचे. बटण फिरवलं की कट्, अठरा नंबरचं चॅनेल. कट्, एकोणीस. मधे काही नाही. “सगळ्यांनी ठरल्या जागी भेटायचं, शोधाशोध बंद,” असं ते म्हणत आणि त्यात काही खोटं नव्हतं. बाबांनी मात्र आपल्या क्रेनवरचा जुना सेट सोडला नाही. त्याचं बटण सलग फिरायचं, काटा पट्टीवर हवा तिथे थांबवता यायचा. “माणूस जिथून बोलतोय तिथे जाऊन ऐकावं लागतं,” हे त्यांचं म्हणणं. तेही खोटं नव्हतं. पण जुन्या सेटला एक खोड होती. गारठ्यात तो आपोआप सरकायचा. आपण अठरावर बोलतोय असं वाटायचं, आणि आवाज जायचा भलतीकडे.

बाबा गेले त्या रात्री गारठा होता आणि दाट धुकं. सेटपाशी काका होते. त्यांनी गावभर सांगितलं, “त्यानं एकदाही हाक मारली नाही. स्टिअरिंगवर झोपला असणार.” झोपला असणार म्हणे! हे बोलणं थोरलीच्या जिव्हारी लागलं होतं.

तेव्हापासून धुक्याच्या रात्री अठरावर आणि एकोणीसवर काहीतरी येतं. तोंडात पाणी धरून कुणी बोलावं, तसं. शब्द एक कळत नाही. ड्रायव्हर त्याला बोबडा म्हणतात. बोबडा आला की आवाज बारीक करायचा आणि चुकूनही उत्तर द्यायचं नाही, असा तिथला नेम. आत्ता हसून घ्या, हरकत नाही.

सव्वाअकराच्या सुमाराला धुकं उतरलं आणि बोबडा आला.

थोरली उठली. आवाज बारीक करायला नव्हे. खुर्चीवर चढून तिनं माळ्यावरून बाबांच्या सेटचा जोडीदार, तसाच सलग बटणाचा जुना सेट, खाली काढला, त्यावरची धूळ ओढणीनं पुसली आणि खिडकीतल्या एरियलच्या जादा तारेला जोडला. आतल्या खोलीतून काका ओरडले.

“काय चाललंय?”

“ऐकतेय.”

“त्याच्या नादी लागू नकोस. आवाज कमी कर.”

“तुम्ही केला होतात ना कमी? त्या रात्री?”

आत खाट करकरली.

तिनं बटण हळूच फिरवायला घेतलं. काटा अठराच्या पुढे सरकला. खरखर. आणखी थोडा. बोबडेपणा विरत गेला, आणि एकोणीसच्या जरा अलीकडे आवाज स्वच्छ झाला.

“बेस... बेस... टाकीच्या वळणावर कठडा खचलाय... रस्ता गेलाय... वर गाडी पाठवू नका... बेस... ऐकताय का कुणी...”

बाबा.

तिला रडू आलं, आणि रडण्याहून संताप जास्त आला. बाबांनी हाक मारली होती. रात्रभर मारत होते. इतकी वर्षं मारत होते! त्यांच्या गॅरेजात एक पद्धत आहे. वरून निरोप आला की खालच्यानं तो शब्दन् शब्द परत म्हणायचा आणि शेवटी ‘पोचलं’ म्हणायचं. तोवर ड्रायव्हर माईक हुकाला लावत नाही. बाबांना ‘पोचलं’ कुणी म्हटलंच नव्हतं.

आणि मग तिच्या लक्षात आलं.

बाबांच्या आवाजामागे अजून काहीतरी ऐकू येत होतं. टप्... टप्...

कोपऱ्यातला नळ. बादलीत. टप्...

सेटमधूनही टप्. त्याच क्षणी. एकदा नाही, दरवेळी.

म्हणजे तो माईक दरीत नव्हता. याच खोलीत होता. तिच्या मागे.

मानेला गारवा लागला... ओल्या मातीचा वास आला...

ती वळली नाही.

“मागे असाल तर असा,” ती म्हणाली. “मला घाबरायला सवड नाही. माझा भाऊ वर आहे.”

तिनं नव्या सेटचा माईक उचलला. अठरा.

“धाकट्या! जिथे असशील तिथे थांब!”

“अगं ताई, हे काय टाकीचं वळण आलं. पलीकडे धुक्यात ट्रकचे दिवे अंधुक दिसताहेत.”

काका कंबर धरून दारात आले. “तो कठडा नवा बांधलाय, सिमेंटचा. मी बघितलाय. गिऱ्हाईक खोळंबलंय, जाऊ दे त्याला.” त्यांनी माईककडे हात केला.

“हात लावून तर बघा, काका.”

काकांचा हात तिथेच राहिला.

“धाकट्या, एक फूट जरी पुढे गेलास तर घराचं दार तुला बंद. उतर. टॉर्च घे. चालत जाऊन बघ.”

“ताई, डोकं फिरलंय का तुझं?”

“हो, फिरलंय. उतर.”

खरखर... नळ... खरखर...

“ताई...”

“बोल.”

“ताई, रस्ता नाहीये.”

तिनं तो माईक ठेवला. जुन्या सेटचा उचलला.

“टाकीच्या वळणावर कठडा खचलाय. रस्ता गेलाय. वर गाडी पाठवायची नाही.” थांबली. “पोचलं, बाबा.”

पाठीमागे... कट्. माईक हुकाला अडकवल्याचा आवाज.

त्या भिंतीला हूक नाही.

थोरलीची पाठ होती तिकडे. काका मात्र दारात उभे होते, तोंड त्याच भिंतीकडे. चौकट धरून ते हळूहळू खाली बसले. काय दिसलं ते त्यांनी अजून कुणाला सांगितलेलं नाही, आणि थोरलीनंही विचारलं नाही. तिनं दुसरंच करायला लावलं. सकाळी सगळ्या ड्रायव्हरांना अंगणात उभं केलं आणि म्हणाली, “बोला काका.” काका बोलले. “त्यानं हाक मारली होती. मला बोबडं ऐकू आलं. मी आवाज बारीक केला.” धाकटा खाली मान घालून ऐकत होता. थोरलीची मान ताठ होती.

इथवरचं तिनं सांगितलेलं. पुढचं माझं.

दोन दिवसांनी काकांनी नवा सेट माझ्याकडे पाठवला. त्या रात्रीपासून त्याचं बटण अठरा आणि एकोणीसच्या बरोबर मधे उभं होतं. मी म्हटलं, खटका तुटला असेल. उघडला. दाते धड, स्प्रिंग धड. दोन दात्यांच्या मधे ते बटण ठरूच शकत नाही, सोडलं की इकडे नाहीतर तिकडे पडणारच. मी जोर लावून ते अठरावर आणलं. कट् वाजलं. सेट फळीवर ठेवला, तार नाही, बॅटरी नाही. दुकानाला बाहेरून कुलूप घातलं.

माझ्या दुकानात नळ नाही, तुम्हाला ठाऊक आहे.

सकाळी बटण पुन्हा मधे होतं. आणि ओलं.