तानेची वाट

सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी मिरजेच्या स्टुडिओत शरयू पाटणकर गायली. खरं तर गाणार होत्या तिच्या गुरू, कुमुदिनीबाई रेगे.

बाईंचं स्वरयंत्र सात वर्षांपूर्वी कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत काढलं होतं. पण गाणं गळ्यात सुरू होत नाही. मेंदू हुकूम सोडतो, गळा तो पाळतो. बाईंच्या मानेवरचा कंठपट्टा नसांमधला हा हुकूम टिपायचा, स्वरतार तो यंत्राकडे न्यायची आणि स्पीकरमधून बाईंचा जुना आवाज उमटायचा. त्या बोलायच्याही तशाच. केसाएवढी तार, पण तानेतला एक कणही वाटेत सांडायचा नाही.

शरयू तानपुऱ्यावर होती. सकाळी चाचणीसाठी चढवलेला दुसरा पट्टा तिच्या मानेवर तसाच होता. रेकॉर्डिस्ट जब्बारभाईंनी नेहमीच्या शिरस्त्याने गायकाची एक लाइन, इथे बाईंच्या स्वरतारेचा फाटा, आधी साथीदाराला जोडली. मात्र हेडफोनऐवजी ती शरयूच्या पट्ट्यात गेली. आणि पट्टा हुकूम टिपतो तसा देतोही.

बाईंची जी तान शरयूला कधीच पेलली नव्हती, ती तिच्या गळ्यातून सरसरत गेली. तिचे डोळे भरून आले.

"जब्बारभाई, कुठं खुपसलंत ते?" पट्टा घडवणाऱ्या डॉ. इरावती सबनीस ओरडल्या.

"साथीला, मॅडम. साथीला गाणं नको का ऐकू यायला?"

"काढू नका हो!" स्पीकरमधून बाई म्हणाल्या. "शिकवून शिकवून दात झिजले माझे. आली एकदाची!"

डॉक्टरांनी तरीही तार उपसली आणि शरयूला तिची स्वतःची बंदिश म्हणायला सांगितली. ती गायली. प्रत्येक हरकत बाईंची होती, श्वास तोडायची तऱ्हासुद्धा.

"तार काढलीय ना?" शरयूने घाबरून विचारलं.

"काढलीय. पण पाण्याच्या लोंढ्यानं शेतात चर पडतो ना, तसं झालंय. नसा आता त्याच वाटेनं जातायत."

"आणि माझी वाट?"

"बुजली की नुसती झाकली गेली, सांगता येत नाही. अजून एक टेक घेतला, तर चर आणखी खोल."



"तू म्हणशील तसं, बाळ," बाई म्हणाल्या. "मी मात्र सात वर्षांनी खऱ्या गळ्यातून गायले."

दुपारी दीडपर्यंत शरयूला स्वतःची म्हणावी अशी एकही हरकत घेता आली नव्हती. तार टेबलावर गुंडाळून ठेवलेली होती. पट्टा तिने अजून काढला नव्हता.